रिकाम्या ओळीवरचा कोंबडा

छापखान्यात तिला सगळे ठिणगी म्हणत, तेही पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे आणि त्याला तिथून हलायचं कारणही नसे, कारण तिचं कामच चुका शोधायचं. तीस वर्षं ती प्रूफं तपासत होती. तीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं धुऊन-पुसून नीट करून दिली आणि त्यातल्या एकाही पुस्तकावर तिचं नाव नव्हतं.

प्रूफं तपासायला दोन माणसं लागत. एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं छापलेल्या ओळीवर लाल पेन्सिल फिरवत ऐकायचं. ठिणगी ऐकायची. वाचायच्या तिच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली, बिनलग्नाची बहीण. वन्संचा आवाज सकाळी नऊ वाजता जो सपाट लागायचा तो संध्याकाळी पाचपर्यंत तसाच. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं एकाच पट्टीत. त्यामुळे त्यांचं नाव रेडिओ पडलं होतं. ठिणगीला या नोकरीत त्यांनीच आणलं होतं, दोघींचं बरं होतं तेव्हा.

आता बरं नव्हतं. एकोणीस वर्षं दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. घर एक, चूल एक, कामाचं टेबल एक, आणि तोंडाला कुलूप. सकाळी एकाच दारातून निघायच्या आणि एक डाव्या फुटपाथनं, एक उजव्या फुटपाथनं छापखान्याला पोचायच्या. घरात काही सांगायचं झालं तर मध्ये नवरा होता. "तिला सांग, नळ गळतोय." "तिला सांग, मला दिसतंय." तो बापडा दोघींच्या मधल्या दारात उभा राहून निरोप पोचवायचा. आपल्याला घरात पोस्टमन म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. पत्र उघडून वाचायची सवय त्यानं कधी लावून घेतली नाही, एवढं खरं.

छापखान्यात मात्र वन्सं दिवसभर बोलत आणि ठिणगी दिवसभर ऐकत होती. ते बोलणं दुसऱ्याचं होतं, म्हणून चालत होतं.

तिथे शाळांसाठी इंग्रजीची पुस्तकं छापली जात, आणि इंग्रजीत अशी पाच-सहा डझन क्रियापदं आहेत की ज्यांचा भूतकाळ दोन प्रकारे होतो. कुणी लर्न्ड लिहितो, कुणी लर्न्ट. कुणी बर्न्ड, कुणी बर्न्ट. एका गिऱ्हाइकाला एक हवं, दुसऱ्याला दुसरं, आणि तिसऱ्याला काय हवं ते त्यालाच माहीत नसे, पण नको ते छापलं की बरोबर कळे. कानाला तर दोन्ही सारखीच लागत. म्हणून दोघींनी फार पूर्वी, बोलत होत्या तेव्हाच, ठोक्यांची खूण ठरवली होती. मुळात 'ड' असेल तर वन्संनी बोटाच्या पेरानं टेबलावर एक ठोका द्यायचा, 'ट' असेल तर दोन. नव्या माणसाला वाटे, या बाईला काही झटका-बिटका येतो.

थोरले मालक होते तेव्हा त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची लांबट वही या दोघींच्या टेबलावर आणून ठेवली होती. म्हणाले, "दोन्ही रूपं बरोबर आहेत. पण एका पुस्तकात दोन्ही आली तर लोक आपल्याला अडाणी म्हणतील. तुम्ही ठरवा आणि लिहून ठेवा." प्रत्येक क्रियापदाला एक पान. वर, कुणाच्या पुस्तकात कुठलं रूप घ्यायचं. खाली उदाहरणाची वाक्यं, एक एकीनं घालायचं, एक दुसरीनं. दोघींनी ठरवायचं म्हणजे दोघींनी लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. मालक भले गृहस्थ होते. आपण कुणाच्या हातात काय देतोय याची त्यांना कल्पना नव्हती.

अबोला सुरू झाल्यावर घरातलं सगळं भांडण त्या वहीत उतरलं.

सांडण्याच्या क्रियापदाखाली ठिणगीनं इंग्रजीत लिहिलं: तिनं दूध सांडलं आणि मांजराचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली वन्संच्या टपोऱ्या अक्षरात उत्तर आलं: मांजरानं दूध सांडलं आणि तिनं माझं नाव सांगितलं. शिकण्याखाली होतं: कुणीतरी आपला ओला टॉवेल माझ्या कोरड्या कोटावर टांगायला शिकलं. करपण्याखाली: सगळ्या घराला वास आला, पण भात करपवणारी खिडकीत कादंबरी वाचत होती. लाडावून ठेवण्याखाली: ज्या बहिणीनं भावाला लाडावून ठेवलं, तिनंच आता त्याचे मोजे शोधावेत. व्याकरणात कुठं बोट ठेवायला जागा नसे. त्यातही दोघी एकमेकींच्या वाक्यातले स्वल्पविराम तपासत, आणि चूक सापडली की लाल पेन्सिलीनं गोल करत. ते समाधान शिवी देऊन मिळालं नसतं.

एकच पान असं होतं की त्यावर एकच वाक्य होतं. 'वेक', उठवणे. वन्संनी लिहिलं होतं: मला कुणी उठवलं नाही.

खालची ओळ एकोणीस वर्षं रिकामी होती.

ते असं झालं होतं. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या. वन्सं दोन रात्री त्यांच्या उशाशी बसून होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्या शेजारच्या खोलीत आडव्या झाल्या आणि ठिणगीला म्हणाल्या, साडेतीनला उठव. नवरा कामावर गेलेला होता. तीन वाजले आणि सासूबाईंचा श्वास बदलला. सव्वातीनला त्या गेल्या. वन्संना जाग आली ती चार वाजता, शेजाऱ्यांच्या कुजबुजीनं. त्या बाहेर आल्या, आईकडे पाहिलं, मग खोलीभर जमलेल्या माणसांसमोर ठिणगीकडे बोट करून म्हणाल्या, "तू मुद्दाम उठवलं नाहीस."

ठिणगीजवळ उत्तर होतं. पण इतक्या लोकांत, असं बोट रोखून कुणी विचारावं? विचारलंही नव्हतंच, सांगितलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, "समजा तसं." तेवढे दोन शब्द झाले आणि तिथून पुढे काही नाही. नंतर कितीदा तिच्या जिभेवर आलं, आणि तितक्यांदा तिला ते बोट आठवलं. आधी त्यांनी विचारावं, मग मी सांगीन, असं ती मनाशी म्हणत राहिली, आणि माणसं अशी म्हणत राहिली की वर्षं कशी जातात ते काही सांगायला नको.

थोरले मालक गेले आणि धाकटे मालक आले. त्यांना जुन्या वस्तूंतून नवं काहीतरी काढायची फार हौस. एक दिवस टेबलावरून वही नाहीशी झाली. ठिणगीनं सगळा छापखाना डोक्यावर घेतला. धाकटे मालक म्हणाले, माझ्याकडे आहे, जरा बघायला घेतलीय, परत देतो. चार महिने ते बघत होते.

मग एका सकाळी टेबलावर नवी प्रूफं आली. वर पुस्तकाचं नाव होतं, त्याखाली एका प्रोफेसराचं. हा प्रोफेसर मालकांच्या ओळखीतला, कुठल्याशा कॉलेजात इंग्रजी शिकवणारा. छापखान्यात दोनदा येऊन चहा पिऊन गेला होता. त्यानं या पाच-सहा डझन क्रियापदांपैकी एकही कधी ठरवलं नव्हतं. ठिणगीनं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि तिच्या हातातली पेन्सिल थांबली. तिचीच यादी होती. तिचा क्रम, तिच्या खुणा. उदाहरणंसुद्धा तीच. त्या गृहस्थानं वाक्यांवरून नुसती नजर फिरवली होती. ही वाक्यं कुणीतरी कुणालातरी बोललंय, हे त्याला शिवलंही नव्हतं. प्रस्तावनेत लिहिलं होतं की उदाहरणं रोजच्या जीवनातून घेतली आहेत. कुणाच्या रोजच्या जीवनातून, ते नव्हतं.

मूळ प्रत म्हणून सोबत ती वहीच पाठवली होती. निर्लज्जपणाला सीमा असते असं म्हणतात, ती मालकांनी पाहिलेली नव्हती. वन्संनी वही उघडली, कपाळाला आठी घातली आणि वाचायला सुरुवात केली, कारण त्यांचं काम वाचायचं होतं.

एकोणीस वर्षांची भांडणं वन्सं मोठ्यानं वाचत होत्या आणि ठिणगी ऐकत होती. दूध, मांजर, पूर्णविराम, दोन ठोके. टॉवेल, कोट, पूर्णविराम. पलीकडे बाइंडिंगवाला पानं दुमडत होता, त्याला ती नेहमीची प्रूफं वाटत होती. आवाज सपाटच होता. फक्त मोज्यांच्या वाक्याला वन्सं किंचित थांबल्या, आणि ठिणगीला वाटलं त्या हसतील. हसल्या नाहीत. ठिणगीचे कान तापले होते; आपण किती वर्षं किती क्षुद्र गोष्टींवर किती सुबक इंग्रजी लिहिलं, ते पहिल्यांदाच कानावर पडत होतं. पण त्याहून जास्त ती पेटली होती ती दुसऱ्याच गोष्टीनं. हे भांडण आमचं आहे, हा कोण आपलं नाव त्यावर घालणारा?

मग 'वेक' आलं. वन्संनी वाचलं, "मला कुणी उठवलं नाही. पूर्णविराम." आणि त्या पुढच्या पानाला गेल्या, कारण वहीत पुढे काही नव्हतं.

प्रुफात होतं. प्रोफेसरानं रिकामी ओळ पाहिली, त्याला ती राहून गेलेली वाटली, आणि त्यानं भरून टाकली: कोंबड्याच्या आरवण्यानं शेतकऱ्याला उठवलं.

ठिणगीनं तो कोंबडा तीनदा वाचला. एकोणीस वर्षं ज्या जागेला तिनं हात लावला नव्हता, तिथे कुणीतरी कोंबडा आणून बसवला होता. ती उठली. खुर्ची मागे पडली ती तिनं उचलली नाही. प्रूफं घेतली, वन्संच्या पुढ्यातली वही ओढली आणि मालकांच्या केबिनकडे निघाली. वन्सं मागून येताहेत हे तिला दाराशी पोचल्यावर कळलं.

प्रोफेसर आतच होता, चहा पीत. बरं झालं, दुसरी फेरी वाचली.

ठिणगीनं सरळ सांगितलं की हे पुस्तक आम्ही दोघींनी केलंय, यावर आमची दोघींची नावं हवीत, नाहीतर आम्ही छपाईच्या कागदावर सही करणार नाही. त्या छापखान्यात वाचणारी आणि तपासणारी, दोघींच्या सह्यांशिवाय काही मशीनवर चढत नसे. धाकटे मालक हसत हसत म्हणाले की वही छापखान्याची, कागद छापखान्याचा, वेळ छापखान्याचा. आभाराच्या पानावर दोघींचा उल्लेख करू की. प्रोफेसर कप खाली ठेवून समजुतीच्या सुरात बोलला. अशी साधी वाक्यं कुणीही लिहील, त्यावर कुणाची मालकी कशी सांगणार? दूध काय सगळ्यांच्याच घरी सांडतं. अक्षर तुमचं असेल, पण वाक्यंही तुमचीच, कुठून उतरवलेली नाहीत, याला पुरावा काय?

पुरावा होता.  पण तो द्यायचा म्हणजे या दोन पुरुषांसमोर आपल्या घराची दारं सताड उघडायची. कुठलं दूध, कुठला टॉवेल, कुणाचा भाऊ, आणि दोन बायका एका छताखाली कशा राहिल्या. नाव हवं तर घर चव्हाट्यावर आणायचं, घर झाकायचं तर नाव सोडायचं. तीस वर्षांत एकदाच पुस्तकावर नाव यायची वेळ आली होती, आणि ती अशी.

ती वळली आणि वन्संकडे पाहिलं.  वन्संची नजर प्रुफावर होती, उघड्या पानावर. त्यांनी कोंबडा आत्ताच पाहिला होता.

वन्सं मालकांना म्हणाल्या, "ही ओळ वहीत नाही."

"रिकामी होती, मी भरली," प्रोफेसर म्हणाला. "पान अपुरं दिसत होतं."

"अपुरं नव्हतं ते," ठिणगी म्हणाली. "ती ओळ माझी होती. मी ठेवली होती."

तिनं मालकांच्या टेबलावरच प्रूफ पसरलं, लाल पेन्सिलीनं कोंबड्यावर आडवी रेघ मारली, इतक्या जोरानं की कागद फाटला, आणि समासात तिथल्या तिथे इंग्रजीत लिहिलं. घाईतही अक्षर वाचता येण्याजोगं आलं; तीस वर्षांची सवय. मग कागद वन्संच्या पुढे सरकवला. समासातली दुरुस्ती वाचणारीनं मोठ्यानं वाचून दाखवायची, ही त्या छापखान्याची रीत होती, आणि रीत म्हणूनच वन्संनी कागद हातात घेतला.

त्यांनी वाचलं, नेहमीच्या पट्टीत. "मी तिला उठवायला निघाले, स्वल्पविराम, तर तिची आई माझं मनगट धरून म्हणाली, स्वल्पविराम, झोपू दे तिला, स्वल्पविराम, दोन रात्री बसलीय."

पूर्णविराम त्यांनी वाचला नाही.

नियमाच्या दृष्टीनं ते उदाहरण बाद होतं. त्यात 'वेक'चं भूतकाळाचं रूप नव्हतंच. प्रोफेसरानं ते पाहिलं असणार, पण त्याला बोलायचं धैर्य झालं नाही. धाकट्या मालकांनी एकदा एकीकडे पाहिलं, एकदा दुसरीकडे. काय झालं ते त्यांना अर्धंच कळलं असेल, पण ही वाक्यं कुणाची याबद्दल आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते घसा साफ करत म्हणाले, ठीक आहे, दोघींची नावं घालू. प्रोफेसरांचं नाव प्रस्तावनेखाली जाईल. प्रोफेसर खिडकीबाहेर बघत राहिला.

"हे पान घालू नका," वन्सं म्हणाल्या. त्यांनी समासाचा कागद घडी करून मुठीत घेतला, वही काखेत मारली आणि त्या बाहेर पडल्या. छापखान्याबाहेरही पडल्या. पाच वाजायला अजून सव्वा तास होता.

ठिणगी मागोमाग निघाली.  रस्त्यावर वन्सं आपल्या उजव्या फुटपाथनं चालल्या होत्या. ही सवयीनं डाव्या फुटपाथला लागली. चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानापर्यंत त्या तशाच गेल्या. तिथे वन्सं थांबल्या, गाड्या जाऊ दिल्या आणि रस्ता ओलांडून तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तेव्हा का सांगितलं नाहीस?"

एकोणीस वर्षांनी आलेला पहिला प्रश्न. ठिणगीनं याच प्रश्नासाठी उत्तर घोटून ठेवलं होतं. "तुम्ही विचारलंत कुठे? सगळ्यांसमोर बोट दाखवलंत. मी काय तुमच्या पाया पडून खुलासे द्यायचे होते?"

"माझी आई मेली होती. मी काय शब्द तोलून मापून बोलायला हवं होतं?"

"दुसऱ्या दिवशी विचारायचं. महिन्यानं विचारायचं. मी काय पळून गेले होते? रोज समोर बसत होते."

"मी लिहून विचारलं. पहिल्याच आठवड्यात लिहिलं वहीत."

"ते विचारणं नव्हतं. तो आरोप होता."

वन्संचा आवाज आता सपाट नव्हता. चाव्यावाल्यानं कानस खाली ठेवली होती. वन्सं म्हणाल्या, "मघाशी त्या माणसावर तू किती तडतडलीस. दुसऱ्याचं घेतलं म्हणून, आपलं म्हणून मिरवलं म्हणून. तो प्रोफेसर परवडला, वहिनी. त्यानं वही घेतली. तू माझ्या आईचं शेवटचं बोलणं घेतलंस. ते माझ्याबद्दल होतं. मला दोन रात्री बसलेलं बघितलं तिनं, एवढं ती म्हणाली, आणि ते तू एकोणीस वर्षं स्वतःजवळ ठेवून घेतलंस. मी इतकी वर्षं रोज दुपारी सव्वातीनला घड्याळाकडे बघते. मला वाटायचं, तिनं मला हाक मारली आणि मी झोपले होते."

   ठिणगीला राग तर आला होता, पण तो कुणावर काढायचा ते तिला कळेना.

"आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही. पाणी मागितलं."

"दिलंस?"

"दिलं. दोन चमचे. दुसरा गेला नाही."

 मग काहीतरी सुचल्यासारखं वन्संनी विचारलं, "हे त्याला माहीत आहे?"

त्याला म्हणजे भावाला. ठिणगीनं नकारार्थी मान हलवली. सांगितलं असतं तर त्यानं निरोप पोचवला असता, म्हणून तिनं त्यालाही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे त्याचंही घेतलंस," वन्सं म्हणाल्या.

उरलेला रस्ता त्या एकाच फुटपाथनं चालल्या, वन्सं दोन पावलं पुढे. 

दार नवऱ्यानं उघडलं. दोघी अवेळी आणि एका बाजूनं आलेल्या पाहून तो गोंधळला, आणि सवयीनं मधल्या दारात जाऊन उभा राहिला. एकदा बहिणीकडे, एकदा बायकोकडे पाहत त्यानं विचारलं, "कुणाला काय सांगू?"

वन्संनी वही टेबलावर आपटली आणि हाताची घडी घातली.

"तू बस," त्या भावाला म्हणाल्या. "आज तुझ्यासाठी निरोप आहे. एकोणीस वर्षांपूर्वीचा. आणि तो ती स्वतः सांगणार आहे."